विश्लेषण : माळ्यावर सापडलेले विंटेज मोटारीचे किट… जोडायचे, विकायचे की तसेच ठेवायचे?

इमारत पुनर्विकासाला जाते, घर रिकामे करायचे असते आणि माळ्यावरचे एकेक खोके खाली उतरू लागते. पितळेची भांडी, दिवाळी अंकांचे गठ्ठे, कॅरम बोर्ड आणि या सगळ्याच्या मागे एक चपटे पुठ्ठ्याचे खोके. झाकणावर धूळ उडवत निघालेली हिरवी बेंटले. आत राखाडी प्लास्टिकच्या फ्रेम, घड्या पडलेला सूचनांचा कागद, दगड झालेली गोंदाची ट्यूब आणि चाके बसवून तसाच सोडून दिलेला मोटारीचा सांगाडा.

खोके कुणाचे, हे घरात लगेच आठवते. त्याचे काय करायचे, यावर मात्र एकमत होत नाही. एक जण ते भंगारात टाकायला निघतो, दुसरा मोबाइलवर लिलावाच्या किमती शोधू लागतो आणि ज्याचे ते होते, त्याला चाळीस वर्षांनी का होईना, ती मोटार पूर्ण करायची असते. या तिघांपैकी बरोबर कोण? उत्तरासाठी अशा किटचा इतिहास आणि थोडे रसायनशास्त्रही समजून घ्यावे लागते.

मॉडेल किट म्हणजे नेमके काय?

खऱ्या मोटारीची ठरावीक प्रमाणात लहान केलेली आणि सुट्या भागांत विकलेली प्रतिकृती म्हणजे मॉडेल किट. खोक्यावर लिहिलेले १:३२, १:२४ किंवा १:१२ हे ते प्रमाण. साडेचार मीटर लांबीची मोटार १:३२ प्रमाणात साधारण १४ सेंटिमीटरची होते, १:२४ मध्ये सुमारे १९ सेंटिमीटरची आणि १:१२ मध्ये साडेसदतीस सेंटिमीटरची. म्हणजे पहिली तळहातावर मावते आणि तिसरीला शोकेसचा अख्खा कप्पा लागतो.

हे भाग इंजेक्शन मोल्डिंगने तयार होतात. पॉलिस्टायरिन हे प्लास्टिक वितळवून पोलादी साच्यात दाबाने भरायचे, थंड झाले की साचा उघडून बाहेर काढायचे. भोसरी-चाकणच्या कारखान्यांत प्लास्टिकचे भाग आजही याच पद्धतीने निघतात. वितळलेले प्लास्टिक ज्या वाटांनी साच्यात पसरते, त्या वाटाही घट्ट होऊन भागांना चिकटून राहतात. हीच ती फ्रेम. छंद असलेले लोक तिला ‘स्प्रू’ म्हणतात.

खर्च सगळा साच्यात असतो. पोलादात दिवे, जाळी, स्पोकची चाके कोरणे महाग. पण एकदा साचा तयार झाला की त्यातून हजारो नग निघतात आणि नीट सांभाळला तर तो कित्येक दशके चालतो. जुन्या किटला किंमत येणार की नाही, हे पुढे बऱ्याच अंशी याच एका गोष्टीवर ठरते.

विंटेज मोटारीच इतक्या का?

ब्रिटनमधील ‘एअरफिक्स’ ही कंपनी निकोलस कोव्ह यांनी १९३९ मध्ये सुरू केली. आधी रबरी खेळणी, मग प्लास्टिकचे कंगवे आणि १९४९ मध्ये फर्ग्युसन ट्रॅक्टरची प्रतिकृती असा तिचा प्रवास झाला. अमेरिकेत ‘रेव्हेल’ने १९५०च्या दशकाच्या सुरुवातीला ‘हायवे पायोनियर्स’ ही जुन्या मोटारींच्या किटची मालिका आणली. फोर्ड मॉडेल टीसारख्या मोटारी मुलांच्या अभ्यासाच्या टेबलावर जोडल्या जाऊ लागल्या.

याच काळात, १९५३ मध्ये, ‘जेनेव्हिव्ह’ हा ब्रिटिश चित्रपट आला. लंडन ते ब्रायटन या जुन्या मोटारींच्या वार्षिक फेरीवरचा हा विनोदी चित्रपट आणि त्याची खरी नायिका म्हणजे १९०४ची डराक मोटार. या चित्रपटाने जुन्या मोटारींविषयीचे कुतूहल घराघरांत नेले. एअरफिक्सच्या सुरुवातीच्या मोटारींमध्ये १९०४ची डराक आणि १९११ची रोल्स रॉइस होती. ‘मॅचबॉक्स’ मोटारी बनवणाऱ्या ‘लेस्नी’ने १९५६ मध्ये ‘मॉडेल्स ऑफ यस्टरइयर’ ही धातूच्या जुन्या वाहनांची मालिका सुरू केली.

यामागे तांत्रिक कारणही होते. जुनी मोटार मुळातच सुट्या भागांची असते. मडगार्ड वेगळे, पायरी वेगळी, दिवे वेगळे, बाजूला टांगलेले जादा चाक वेगळे. नंतरच्या मोटारींची एकसंध, गोलाईदार बॉडी प्लास्टिकमध्ये नीट आणणे अवघड. उलट विंटेज मोटारीचे भाग फ्रेमवर सहज बसतात आणि जोडणाऱ्यालाही खरी मोटार कशी बांधली गेली, ते कळत जाते. बेंटलेच्या साडेचार लिटरच्या प्रसिद्ध ‘ब्लोअर’ मोटारीचा सुपरचार्जर इंजिनावर नसून रेडिएटरच्याही पुढे बसवलेला आहे, हे पुस्तकात वाचून विसरले जाते. तोच भाग स्वतः चिकटवला की विसरत नाही. अशा फक्त ५५ मोटारी बनल्या होत्या. एअरफिक्सने १९७१ मध्ये आणलेल्या १:१२ प्रमाणातील मोठ्या किटमुळे ती जगभरच्या मुलांना माहीत झाली.

भारतीय घरांत ही खेळणी पोहोचली कशी?

आयातीवरील कडक निर्बंधांच्या काळात परदेशी किट दुकानात सहज मिळत नसे. ते यायचे आखातात नोकरी करणाऱ्या मामाच्या बॅगेतून, बोटीवर असलेल्या काकांकडून किंवा अमेरिकेला जाऊन आलेल्या शेजाऱ्यांकडून. त्यामुळे एका मुलाच्या वाट्याला एखाद-दुसरेच खेळणे येई आणि तेही अनेकदा शोकेसच्या काचेआड जाई. पाहुणे आले की दाखवायचे, एरवी हात लावायचा नाही. आज चांगल्या अवस्थेत सापडणाऱ्या अनेक जुन्या मोटारी या शिस्तीमुळेच वाचल्या आहेत.

दुसरी वाट अधिक रंजक आहे. लिव्हरपूलमधील मेकॅनो कंपनीच्या ‘डिंकी’ या धातूच्या मोटारी जगभर गाजल्या होत्या. तिचे काही वापरून झालेले साचे १९६०च्या दशकाच्या उत्तरार्धात कोलकात्यात आले आणि त्यांतून ‘निकी टॉइज’ या नावाने मोटारी निघू लागल्या. खऱ्या मोटारींच्या बाबतीतही तेच घडत होते. ब्रिटनमधील मॉरिस ऑक्सफर्ड १९५०च्या दशकाच्या अखेरीस कोलकात्याजवळच्या उत्तरपाड्यात ‘अ‍ॅम्बेसेडर’ झाली आणि २०१४ पर्यंत तिचे उत्पादन सुरू राहिले. इटलीची फियाट ११०० मुंबईत कुर्ल्यात बनू लागली आणि पुढे ‘प्रीमियर पद्मिनी’ झाली. खरी मोटार आणि तिचे खेळणे दोन्ही युरोपात कालबाह्य झाल्यावर इथे आली आणि इथे त्यांना दुसरे आयुष्य मिळाले. म्हणूनच परदेशी संग्राहक आज निकी टॉइजला डिंकीची निव्वळ नक्कल न मानता वेगळा प्रकार मानून शोधतात.

अर्धवट राहिलेली किटच जास्त का सापडतात?

यात मुलांच्या आळसापेक्षा गोंदाचा दोष मोठा आहे. पॉलिस्टायरिन जोडायला विशिष्ट गोंद लागतो. तो दोन भागांच्या मध्ये नुसता बसत नाही, तर दोन्हींचा पृष्ठभाग विरघळवतो आणि द्रावक उडून गेल्यावर ते एकजीव होतात. थोडक्यात, ते प्लास्टिकचे वेल्डिंग असते. किटसोबत आलेली छोटी ट्यूब संपली किंवा सुकली की तसा गोंद गावातल्या दुकानात मिळत नसे. लाकडाला चिकटणारा पांढरा गोंद इथे कामाचा नाही, कारण प्लास्टिकला तो मुरायला छिद्रे नसतात. झटपट चिकटणारा गोंद वापरला तर त्याच्या वाफेने पारदर्शक काच पांढुरकी होते. रंगाच्या छोट्या डब्या तर त्याहून दुर्मीळ. मग मोटार चाकांपर्यंत येऊन थांबे.

या विरघळवणाऱ्या गोंदाची आणखी एक खूण राहते. गोंद लागलेल्या बोटाने भाग धरला की मऊ झालेल्या प्लास्टिकवर बोटाचा ठसा उमटतो आणि तो तसाच घट्ट होतो. तो पुसला जात नाही. चाळीस वर्षांनी खोके उघडल्यावर बॉनेटवर दहा वर्षांच्या मुलाच्या बोटाचा ठसा रेषा मोजता येतील इतका स्पष्ट दिसू शकतो. किट पुन्हा हाती घेताना पहिला पेच इथेच पडतो.

जुन्या किटला खरेच किंमत मिळते का?

मिळते, पण प्रत्येकाला नाही. ‘जुने म्हणजे महाग’ हा सर्वांत मोठा गैरसमज. साचा टिकाऊ असल्यामुळे तेच किट पुन्हा बाजारात आणणे कंपनीला स्वस्त पडते. शिवाय कंपन्या बुडाल्या तरी साचे अनेकदा हस्तांतरित होतात. एअरफिक्स १९८१ मध्ये अडचणीत आली. साचे आधी ‘जनरल मिल्स’ या अमेरिकी समूहाकडे, १९८६ मध्ये ‘हंब्रॉल’कडे आणि २००६ मध्ये ‘हॉर्नबी’कडे गेले. लेस्नी १९८२ मध्ये बुडाली आणि मॅचबॉक्स हे नाव हात बदलत १९९७ मध्ये ‘मॅटेल’कडे आले. पन्नास वर्षांपूर्वीची बेंटले नव्या खोक्यात विकत मिळत असेल, तर माळ्यावरच्या खोक्यासाठी जास्त पैसे मोजणारा फक्त खोक्याचाच चाहता असू शकतो.

तो चाहता मात्र असतो. पहिल्या आवृत्तीचे खोके, त्यावरचे चित्र, आतल्या पिशव्यांचे न उघडलेले सील याला संग्राहक पैसे देतात. म्हणजे बाजाराचा नियम असा, की मोटार जितकी कमी बनलेली, तितकी ती महाग. अर्धवट जोडलेल्या किटला त्यामुळे सहसा फारशी किंमत येत नाही. त्याचा उपयोग दुसऱ्या किटसाठी सुटे भाग म्हणून होतो. डिंकी, कॉर्गी किंवा मॅचबॉक्ससारख्या धातूच्या मोटारींतही मूळ खोके सोबत असेल तर किमतीत मोठा फरक पडतो.

किंमत तपासताना विक्रेत्याने मागितलेली रक्कम पाहू नये. ऑनलाइन लिलावांत प्रत्यक्ष विक्री झालेल्या वस्तूंची यादी वेगळी दिसते, ती पाहावी. त्याच साच्यातून किट पुन्हा कधी आणि कोणत्या नावाने आले, हे ‘स्केलमेट्स’ या संकेतस्थळावर बऱ्याच किटच्या बाबतीत कळते. मुंबईचा चोरबाजार किंवा पुण्याचा जुना बाजार इथे विकायला जाण्याआधी एवढा गृहपाठ आवश्यक.

बंद खोक्यात इतक्या वर्षांत काय बिघडते?

पॉलिस्टायरिन सहजासहजी कुजत नाही. पण उन्हाने पिवळे पडते आणि पत्र्याच्या छपराखालच्या माळ्यावरील उष्णतेत त्याचे पातळ भाग वाकतात. खरा धोका टायरचा. मऊ टायर अनेकदा पीव्हीसीचे असतात आणि ते मऊ राहावेत म्हणून त्यात मिसळलेले तेलकट रसायन हळूहळू बाहेर झिरपते. टायर ज्या प्लास्टिकला टेकलेला असेल, ते प्लास्टिक त्यामुळे विरघळू लागते. वर्षानुवर्षे टायर चढवून ठेवलेले चाक किंवा टायरखाली दबलेली काच खराब झालेली सापडते ती यामुळेच. उपाय सोपा आहे. टायर वेगळ्या पॉलिथिनच्या पिशवीत ठेवायचे.

पाण्यात भिजवून लावायची चित्रे, म्हणजे डिकॅल, सर्वांत नाजूक. कोकण-मुंबईच्या पावसाळी हवेत त्यांवर बुरशी येते, ती वरच्या कागदाला चिकटतात किंवा पिवळी पडून पाण्यात टाकताच तुकडे होतात. खोक्याला आणि सूचनापत्राला कसर आणि वाळवीची भीती असते.

धातूच्या मोटारींचा आजार वेगळा. महायुद्धापूर्वीच्या काही डिंकी मोटारी हातात घेताच भुगा होतात. जस्ताच्या मिश्रधातूत शिसे किंवा कथिलासारखी अशुद्धी थोडी जरी मिसळली, तरी धातू आतून तडकत जातो. त्याला ‘झिंक पेस्ट’ म्हणतात. पेस्ट म्हणजे इथे कीड. दमट आणि उष्ण हवेत ही कीड वेगाने पसरते आणि तिच्यावर इलाज नाही. रंगाखाली बारीक भेगा दिसू लागल्या किंवा चासी फुगून वाकली, तर मोटार कोरड्या जागी ठेवून शक्य तितकी कमी हाताळावी.

मुलांना खेळायला द्यावे का?

लहान मुलांना अजिबात नाही. जुन्या खेळण्यांच्या रंगात शिसे असण्याची शक्यता असते आणि किटचे बारीक भाग गिळले जाऊ शकतात. भारतात खेळण्यांसाठी गुणवत्तेचे बंधनकारक निकष १ जानेवारी २०२१ पासून लागू झाले. चाळीस वर्षांपूर्वीची वस्तू अशा कोणत्याही चाचणीतून गेलेली नसते. किंचित मोठ्या मुलांसोबत किट जोडायचेच असेल, तर सध्या बाजारात असलेले नवे किट बरे.

ते स्वस्त मात्र नाही. खेळण्यांवरील आयात शुल्क २०२० मध्ये २० टक्क्यांवरून ६० टक्के आणि २०२३ मध्ये ७० टक्के करण्यात आले. सीमाशुल्काच्या वर्गवारीत जोडायची मॉडेलही खेळण्यांच्याच गटात येतात. देशी खेळणी उद्योगाला संरक्षण मिळावे हा त्यामागचा हेतू. पण अशी तपशीलवार मोटार किट बनवणारा मोठा देशी उद्योग नसल्याने छंद जोपासणाऱ्यांना ही झळ बसते. जुने खोके पूर्ण करण्याकडे कल असण्याचे हेही एक कारण.

जोडायचे ठरवले तर सुरुवात कशी करावी?

- आधी सूचनापत्र स्कॅन करावे किंवा मोबाइलवर त्याचे फोटो काढावेत. जुना कागद घडीवर फाटतो.

- सूचनांतील क्रमांकांनुसार भाग मोजावेत. एखादा भाग हरवला असेल तर त्याच साच्याचे नवे किट भाग काढण्यासाठी घेता येते.

- फ्रेम कोमट पाण्यात थोडा साबण टाकून धुवाव्यात. धूळ आणि साच्यातून आलेला तेलकटपणा निघाला नाही, तर रंग धरत नाही.

- भाग हाताने पिळून तोडू नयेत. बारीक कटरने कापून टोक पॉलिश पेपरने घासावे.

- डिकॅल थेट पाण्यात टाकू नयेत. आधी पारदर्शक वॉर्निशचा पातळ थर द्यावा. पिवळी पडली असतील तर काही दिवस खिडकीच्या काचेवर उन्हात चिकटवून ठेवली की पिवळेपणा बराच कमी होतो.

- जुन्या गोंदाचे सांधे उकलण्यासाठी मॉडेल काही तास फ्रीझरमध्ये ठेवण्याची युक्ती अनेक जण वापरतात. थंडीने सांधा ठिसूळ होतो. मात्र तो दर वेळी सुटेलच असे नाही. एकजीव झालेला सांधा ओढला तर भागच तुटतो.

- गोंद आणि इनॅमल रंगाचे काम खिडकी उघडी ठेवून करावे. द्रावकाची वाफ कोंडलेल्या खोलीत अपायकारक ठरते.

मग निर्णय काय घ्यायचा?

सील न उघडलेले, पहिल्या आवृत्तीचे आणि पुन्हा बाजारात न आलेले किट असेल, तर ते कोरड्या जागी, आडवे ठेवून जपावे किंवा जाणकाराला विकावे. घरात कुणाचे मन त्यात गुंतलेले नसेल तर विकण्यात गैर काहीच नाही. सील फोडलेले, पण भाग पूर्ण असलेले आणि आजही नव्या खोक्यात मिळणारे किट असेल, तर बिनधास्त जोडावे. ते बंद ठेवल्याने कुणाचाही फायदा होणार नाही आणि टायर व डिकॅल दर पावसाळ्यात थोडे अधिक खराब होत राहतील.

उरते ते अर्धवट जोडलेले किट. बाजाराच्या दृष्टीने त्याची किंमत सर्वांत कमी आणि घराच्या दृष्टीने अनेकदा सर्वांत जास्त. त्यातील वाकडे चिकटलेले मडगार्ड सुटे करून, गोंदाचे डाग घासून मोटार चकाचक करता येते. पण त्यासोबत बॉनेटवरचा तो ठसाही जातो. तो ठसा स्वतःचाच असेल, तर निर्णयही स्वतःचाच. मोठ्या भावाचा किंवा आता हयात नसलेल्या वडिलांचा असेल, तर घासायला हात धजावत नाही. खऱ्या विंटेज मोटारींच्या जगातही हा वाद जुना आहे. मोटार नव्यासारखी करावी, की वापराच्या खुणांसह जपावी? केंद्र सरकारच्या २०२१च्या नियमांत पन्नास वर्षांहून जुन्या गाडीला ‘विंटेज’ म्हणून स्वतंत्र नोंदणी मिळते, त्यातही गाडी मूळ स्वरूपात असण्याची अट आहे.

अनेक अनुभवी मॉडेलकार यावर मधला मार्ग काढतात. पूर्वी जोडले गेले ते तसेच ठेवायचे आणि उरलेले भाग तेवढे नीट बसवायचे. अशी मोटार स्पर्धेत बक्षीस मिळवणार नाही आणि लिलावात कुणी तिच्यावर बोलीही लावणार नाही. तिचा मागचा भाग सफाईने जोडलेला असेल आणि पुढचे मडगार्ड किंचित तिरके. खोके माळ्यावर किती वर्षे पडून होते, हे या दोन भागांतल्या फरकावरून घरातल्या कुणालाही सांगता येईल. नव्या इमारतीतल्या फ्लॅटमध्ये माळा नसतो. त्यामुळे यापुढे ती ठेवायची तर समोर, शोकेसमध्येच ठेवावी लागेल.